रामकुंडावर बेघरांसाठी काम करायचंय? पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने या

दर डिसेंबरला मला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, दादा आम्ही दहाबारा जण आहोत, वाढदिवसाला केकबिक नको म्हणून गरिबांना ब्लँकेट वाटायचं ठरलंय, कुठे वाटू? आधी मी पत्ता सांगून टाकायचो. आता सांगतो, आधी एक दिवस माझ्यासोबत नुसता फिरायला ये. दहातले दोन येतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

मी नाशिकचा, वय तेवीस. चार वर्षं झाली, दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी गंगेवर जातो (बाहेरगावच्यांसाठी, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). रामकुंड ते गाडगे महाराज पूल एवढाच आमचा पट्टा. संस्था वगैरे नाही, आम्ही सहा जण, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक वही. बुधवारी जात नाही कारण त्या दिवशी घाटावर बाजार भरतो, बोलायला उसंत मिळत नाही.

पहिले तीन आठवडे कसलंही वाटप करायचं नाही

हे सगळ्यात अवघड जातं. हातात काही नसलं की लाज वाटते, काय तोंड घेऊन जायचं असं होतं. पण जा.

आमची पहिली मोहीम सांगतो. तीन घरांतून मिळून साठ पाकिटं मसालेभात केला, रात्री आठला घाटावर पोचलो. तिथे आधीच कुणाची खिचडी वाटून झालेली, कुणाची पुरीभाजी चाललेली, आणि सकाळच्या दशक्रियेचं उरलेलं लोकांनी बांधून ठेवलेलं. रामकुंडावर दशक्रिया, श्राद्धं रोज असतात, यात्रेकरू असतात, पितृपक्षात तर विचारूच नका. एका आजीने आमचं पाकीट हातात घेतलं, वजन बघितलं आणि म्हणाली, "ठेव बाबा तिकडं, कुत्र्याला होईल." साठातली चाळीस पाकिटं आम्ही रात्री साडेदहाला द्वारकाच्या पुलाखाली नेऊन दिली, तिथे मात्र दोन मिनिटांत संपली. गंगेवर जेवणाची कमी नाही, द्वारका, सीबीएस (एसटी स्टँड), नाशिकरोड स्टेशन इथे ती आहे, आणि हे घरी बसून कळत नाही.

तर तीन आठवडे फक्त बघायचं. कोण कुठे झोपतं, किती वाजता येतं, कोण एकटं असतं, कुणाच्या पायाला फडकं बांधलंय, कोण कुणाशीच बोलत नाही. घरी आल्यावर वहीत लिहायचं. तिथे लिहू नका, लोकांना वाटतं मनपाचा किंवा पोलिसांचा माणूस आला.

आणि सगळ्यांना भिकारी समजू नका. पेठ, सुरगाणा तालुक्यांतून द्राक्षाच्या किंवा बांधकामाच्या कामाला आलेली आख्खी कुटुंबं उघड्यावर झोपतात, ती कुणापुढे हात पसरत नाहीत. लग्नात वाढपी म्हणून जाणारे आहेत, भंगार वेचणारे आहेत, फुगेवाले आहेत, पोराशी भांडून निघून आलेले म्हातारे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर मोजले गेले, आणि ती मोजणी एकाच रात्रीत उरकलेली. त्या रात्री जो लग्नाच्या हॉलमागे भांडी घासत होता तो कुठे मोजला गेला असेल देव जाणे.

बोलायचं कसं

बसून. उभ्याने बोललात की तुम्ही साहेब होता. दगडावर बसा, पॅंट खराब होऊद्या.

बाबा, आजी, मावशी, काका म्हणा, हिंदीवाले असतील तर चाचा. "ए" नाही, "अरे" नाही, वयाने लहान असला तरी नाही. "तुम्ही इथे कसे आलात" हा प्रश्न सहा महिने विचारू नका, सांगायचं असेल तर तेच सांगतील. "पाय कसाय आता?" हा प्रश्न चांगला. "रात्री झोप लागली का?" हाही चांगला, त्यातून डास, थंडी, मारामारी, पोलीस, सगळं आपोआप बाहेर येतं.

प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका, उपदेश तर मुळीच नको. उद्या बोलू म्हणायचं आणि उद्या खरंच बोलायचं.

पिशवीत काय

आमची पिशवी वर्षभरात हळूहळू तयार झाली. मोठा नेलकटर (पायाच्या नखांचा वेगळा मिळतो, तोच घ्या), हातमोजे, गॉझ, चिकटपट्टी, बीटाडीनची छोटी बाटली, ओआरएस, खोबरेल तेल, साबणाच्या लहान वड्या, सॅनिटरी पॅड, टॉर्च, आणि दोन जवळचे चष्मे कारण म्हाताऱ्यांना गोळीच्या पाकिटावरचं वाचता येत नाही. गोळ्या ठेवत नाही. अंगदुखीची सुद्धा नाही. कुणाला काय आजार आहे, आधी काय घेतलंय, रात्री किती प्यायलाय, काही माहीत नसतं आपल्याला.

चप्पल पिशवीतून वाटता येत नाही, माप लागतं. वहीत माप लिहून आणा, पुढच्या वारी घेऊन जा. "माझ्या मापाची आणली" ह्याचं त्यांना फार असतं.

नेलकटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कुणालाच सुचत नाही. एक बाबा आहेत, सत्तरीचे असतील. लंगडत चालायचे, आम्हाला वाटलं गुडघा गेला. एकदा पाय बघितला तर अंगठ्याचं नख शिंगासारखं वळून खाली मांसात टोचत होतं. वाकता येत नाही, दिसत नाही, मग कोण कापणार? चहावाल्याकडून गरम पाणी मागून घेतलं, त्यात गार मिसळलं, तेलाच्या डब्यात पाय वीस मिनिटं बुडवून ठेवले, मग नख कडेकडेने, अगदी तांदळाएवढं एकावेळी, कापत गेलो. पाऊण तास लागला. बाबा पूर्ण वेळ माझा खांदा धरून दुसरीकडे बघत होते. झाल्यावर उठले, चार पावलं टाकली, परत चार टाकली, आणि चहावाल्याला दोन चहा सांगितले. पैसे मला देऊ दिले नाहीत.

पण एक लक्षात ठेवा, पायाला मुंग्या येतात, टोचलेलं कळत नाही, किंवा बोट काळं पडलंय, असं असेल तर कटर पिशवीत परत. शुगर असू शकते, छोटी जखम पण चिघळते. सरळ सिव्हिलला (सरकारी जिल्हा रुग्णालयात) न्या.

ब्लँकेट, कारण तुम्ही शेवटी त्यासाठीच आलायत

पहिल्या वर्षी ३१ डिसेंबरला आम्ही चाळीस ब्लँकेट वाटली, फोटो काढले, स्टेटस ठेवला, सगळं केलं. आठ दिवसांनी गेलो तर चाळीसातली नऊ दिसली. दोन विकली गेली हे कळलं आणि मी आठवडाभर धुमसत होतो. मग एका मावशीने सरळ विचारलं, "दिवसा ठेवू कुठं? डोक्यावर घेऊन फिरू का?" उरलेली झाडाला बांधून ठेवलेली, सफाईत उचलली गेलेली, भिजून कुजलेली.

आता आम्ही असं करतो. ब्लँकेट पातळच घेतो जे घडी घालून खांद्याच्या पिशवीत मावेल, आणि सोबत ती पिशवी पण देतो, नाडीवाली. वाटप रात्री दहानंतर, झोपलेल्या माणसाशेजारी जाऊन, आधी वहीत ज्याचं नाव आहे त्यालाच. संध्याकाळी वाटायला उभे राहिलात की आजूबाजूच्या घरातले लोकही रांगेत येतात आणि जो उठू शकत नाही तो राहतो.

आणि थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. घाटाचा दगड असला गार पडतो की निफाडला पारा पाच-सहावर गेला अशी बातमी आली की आमच्याकडे एका ब्लँकेटवर भागत नाही. खाली काहीतरी पाहिजेच. ह्याच्यावर फुकटचा उपाय म्हणजे जुने फ्लेक्स. वाढदिवस झाला की कार्यकर्त्यांकडून मागून आणायचे, देतात. त्यावर पुठ्ठा किंवा गोणपाट. आमच्या कित्येक बाबांच्या पाठीखाली भावी नगरसेवक झोपलेले आहेत.

जुने कपडे देणाऱ्यांना हात जोडून सांगा की फाटके, डाग पडलेले, जरीच्या साड्या नको. गूंज संस्थेचे अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरुवात केली आणि कपडा ही बारा महिन्यांची गरज आहे हेच ते तेव्हापासून सांगत आलेत. आपल्याकडे ती गरज फक्त डिसेंबरात आठवते. अंतर्वस्त्रं मात्र नवीनच द्यायची, आणि बायकांची बाईनेच द्यायची, आमच्या ग्रुपमधल्या दोघी ते बघतात.

दवाखाना

जखमेत अळ्या दिसल्या, माणूस उठत नाही, ताप आहे, तर स्वतः काही करत बसू नका, १०८ लावा. गाडी फुकट असते. सोबत कोण येणार हे विचारतात, तर तुम्ही जा, एकट्याला पाठवून हात झटकू नका, कारण पुढचं सगळं तिथे ठरतं.

अपघात विभागात नाव माहीत नसेल तर अनोळखी म्हणून नोंद होते, हॉस्पिटलच्या पोलीस चौकीत कळवलं जातं, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, तुमचं नाव नंबर घेतात एवढंच. मग "समाजसेवा अधीक्षक" कुठे बसतात ते विचारा. मोठ्या सरकारी दवाखान्यांत ही पोस्ट असते, नातेवाईक नसलेल्या पेशंटसाठी धावपळ करणं त्यांच्या कामात येतं, आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं. आम्हालाही दोन वर्षं नव्हतं.

एक कडू गोष्ट. एका दवाखान्यात आमच्या काकांना वास येतो म्हणून दोन तास बाहेरच्या बाकावर ठेवलं होतं. भांडलो, उपयोग झाला नाही. तेव्हापासून तातडीचं नसेल तर आधी सुलभ शौचालयात आंघोळ, दाढी, धुतलेला शर्ट, मग केसपेपर. असं असायला नको, पण निम्मी कटकट वाचते.

डिस्चार्ज झाल्यावर खरी गंमत. "सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर" असं लिहिलेली चिठ्ठी पहिल्या रात्रीच हरवते. आम्ही पाकिटं करतो, सकाळच्यावर सूर्य, रात्रीच्यावर चांदोबा, आणि पाकिटं चहाच्या टपरीवर ठेवायला देतो. सकाळचा चहा घ्यायला आले की चहावाला गोळी पुढे करतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला न्या, टीबीची तपासणी औषध सगळं सरकारी मोफत आहे, आणि इथे तर टपरीवाली पद्धत फारच कामाला येते कारण कोर्स महिनोन्महिने चालतो.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांबाहेर जाऊन भीक मागणाऱ्यांना तिथेच तपासतात आणि मग हळूहळू कामाला लावायचं बघतात. आपण डॉक्टर नाही, पण तिथेच जाऊन बसायचं एवढं तर उचलता येतंच.

स्वतःशी बोलणारे, कुणालाच जवळ येऊ न देणारे

ह्यांना पकडून आंघोळ घालून केस कापतानाचे व्हिडिओ फिरतात, ते मला अजिबात आवडत नाहीत. घाबरलेल्या माणसाला चौघांनी धरणं ही मदत नाही. अंतर ठेवून रोज त्याच जागी पाणी, बिस्किट ठेवा. आमच्याकडच्या एका ताईने पाचव्या महिन्यात पहिल्यांदा हाताने बिस्किट घेतलं.

कायदा माहीत असूद्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १००. रस्त्यावर भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण वाटली आणि ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर तिला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासायला नेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरचे शोधायचे. ठाण्यात आवाज चढवू नका, कलम कागदावर लिहून न्या, शांतपणे पुढे ठेवा. बऱ्याचदा समोरच्यालाही ते नवीन असतं.

कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, अशा लोकांवर उपचार करून त्यांना गावी घरी पोचवतात, त्यासाठी डॉक्टरांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बायकांसाठी नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली संस्था आहे. पण अशा ठिकाणी आधी फोन, मग पोलिसांची कागदपत्रं, मग गाडी. गाडीत घालून दारात नेऊन सोडायचं नाही.

निवारा केंद्र

मोठ्या शहरात दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. मनपाचं केंद्र कुठे आहे ते आधी स्वतः जाऊन बघा, संडास बघा, पांघरुणं बघा, मग लोकांना सांगा. "एवढी सोय आहे तरी जात नाहीत, आळशी आहेत" असं म्हणू नका. नवराबायकोला वेगळं झोपावं लागतं, कुत्र्याला घेत नाहीत, हातगाडी कुठे लावणार, पहाटे पाचला मजूर नाक्यावर पोचायचं असतं. कारण विचारलं की कारण असतंच.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच. बऱ्याच जणांचं आधार आधी निघालेलं असतं, फक्त कार्ड आणि मोबाइल हरवलेला. आधार केंद्रावर नेऊन बोटांचे ठसे दिले की नंबर शोधता येतो. ठसे झिजले असतील तर डोळ्यांवर बघायला सांगा. नवीनच काढायचं तर राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षक ठरलेल्या नमुन्यात दाखला देऊ शकतात. मतदार यादीत घर नसलं तरी नाव लागतं, बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघून जातो. आधार झालं की बँक खातं, मग संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज, तहसीलला चकरा. ह्यासाठी ग्रुपमध्ये एक चिकट माणूस लागतो. आमच्याकडे तो मी नाही.

झेरॉक्स त्यांच्याकडे, ओरिजिनल पण त्यांच्याकडेच, आपण फक्त फोटो काढून ठेवायचा. कुणाचं आधार सांभाळायला म्हणून घरी आणू नका.

पावसाळा

नाशिकमध्ये गंगेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, कमरेला लागलं, छातीला लागलं, बुडाला. लोक पुलावर पूर बघायला गर्दी करतात, तेव्हा घाटावर झोपणारे कुठे गेले हे कुणी विचारत नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सराफ बाजाराकडे घुसलं होतं. आमची जून महिन्यातच यादी तयार असते, कुणाला उचलून न्यावं लागेल, कोण हट्टाने बसून राहील, कुणाचं सामान कुठे आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार अशी बातमी आली की ग्रुपवर फक्त "चला" एवढा मेसेज. कागदपत्रं तेलाच्या पिशवीसारख्या जाड प्लॅस्टिकमध्ये, गळ्यात अडकवता येतील अशी. सिंहस्थ कुंभमेळा २०२७ चा आलाय, घाटावर कामं, उठवाउठवी होणार, तेव्हाही हीच यादी कामाला येईल. कुणी अचानक गायब झालं तर पोलीस ठाण्यात विचारा, १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे आणि त्यात उचलतात.

फोटो, पैसे आणि घरचे

फोटो नाही. पाठमोरा नाही, हाताचा नाही, चेहरा ब्लर करूनही नाही. आमच्यातल्या एका काकांनी गावी सांगून ठेवलंय की मी नाशकात वॉचमन आहे. त्यांच्या भाचीकडे मोबाइल आहे. एवढं पुरे.

स्वतःच्या यूपीआयवर वर्गणी मागू नका. ज्याला द्यायचंय त्याने मेडिकलवाल्याला किंवा चप्पलवाल्याला थेट द्यावे, बिल ग्रुपवर टाकावं. मोठं करायचं असेल तर रीतसर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. आणि नवीन ग्रुप काढायची घाई कशाला, फक्त जेवणाचंच करायचं असेल तर रॉबिन हूड आर्मी २०१४ पासून हॉटेलचं उरलेलं चांगलं अन्न पोचवतेय, पैसे घेतच नाहीत, तिथे जा.

मूल एकटं दिसलं तर १०९८, वृद्धांसाठी १४५६७, मारामारी असेल तर ११२ आणि तुम्ही लांब. रात्री जोडीनेच फिरा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. मला दुसऱ्या वर्षी खरूज झाली होती, माझ्यामुळे घरात सगळ्यांना, आईने गाद्या गच्चीत काढल्या आणि बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यामुळे घरी आल्यावर थेट बाथरूम, कपडे वेगळे, हे पहिल्या दिवसापासून.

आणि परीक्षा असेल, गावाला जायचं असेल, कंटाळा आला असेल, तरी न सांगता दांडी मारू नका. मी एकदा सेमिस्टरच्या नादात तीन आठवडे गायब होतो. परत गेलो तर ती कुत्र्याला भात देणारी आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "आला का. मला वाटलं मेला." आणि तोंड फिरवून बसली. तिला बोलतं करायला अजून दोन मंगळवार लागले.